जुन्या कुर्त्याचं सोललेलं केळं: मुलांच्या वेशभूषेचा पोशाख घरी कसा शिवायचा

शाळेच्या ग्रुपवर वेशभूषा स्पर्धेची सूचना बहुतेक वेळा स्पर्धा चार-पाच दिवसांवर आली की येते. भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानात तोवर एखादा कृष्ण आणि एखादी झाशीची राणी उरलेली असते. माप बसत नाही, बगलेत जरी टोचते, आणि मूल दोन ओळी म्हणण्याऐवजी मंचावर खांदा सावरत उभं राहतं. ज्यांना शर्टाचं बटण लावता येतं, त्यांना घरच्या जुन्या कपड्यांतून मुलासाठी पोशाख शिवता येतो, असं माझं ठाम मत आहे. भुसावळात घरच्या आणि शेजारच्या मुलांसाठी असे पोशाख शिवत आले आहे, त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची सगळी कृती तिच्यावर उभी आहे. जुन्या कपड्यात अवघड शिवणकाम कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. कुर्त्याचा दुमडलेला घेर, सलवारीचा नेफा (नाडी ओवायची जागा), शर्टाची काजपट्टी, टी-शर्टची खालची दुमड, साडीचा काठ, फॉल ही कामं नवशिक्याला सगळ्यात जास्त छळतात. ती जपायची आणि त्यांच्या भोवतीने पोशाख बेतायचा. जुन्या साडीला ताग्यातलं नवं कापड समजून कात्री घातली, की तयार कडा हातच्या जातात आणि काम दुप्पट होतं.

उदाहरणासाठी मी सोललेलं केळं घेतलं आहे. रावेर, यावल, सावदा, फैजपूर हा आपला केळीचा पट्टा, आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ते निवडण्याचं खरं कारण शिवणकामाचं आहे. केळं मुलालाही चालतं आणि मुलीलाही, त्याला बाह्या लागत नाहीत, माप इंचभर चुकलं तरी दिसत नाही, आणि तोच आराखडा पुढे वांग्याला किंवा कापसाच्या बोंडाला वापरता येतो. खालची मापं सहा-सात वर्षांच्या मुलाची आहेत.

१. सूचना नीट वाचा आणि मुलाला विचारा

सूचनेत विषय आहे का, मंचावर किती वेळ मिळणार, काही बोलायचं आहे का, हातात वस्तू धरायची आहे का, एवढं आधी बघा. बोलायचं असेल तर तोंड झाकणारा मुखवटा बाद. माइक धरायचा असेल तर दोन्ही हात मोकळे हवेत.

मग मुलाशी बोला. माझ्या सासूबाई लेवा बोलीत सांगतात, "आधी पोराले इचार, मंग कातर हातात घे." काही मुलांना डोक्यावर काही घातलेलं सहन होत नाही, काहींना गळ्याशी घट्ट नको असतं, काहींना लोक हसतील याची भीती वाटते. हे शिवून झाल्यावर कळलं तर उपयोग नाही. केळं व्हायला मूल मनापासून तयार नसेल तर दुसरं काही निवडा.

२. कपडे बाजूला काढा, बोहारीण येण्याआधी

जुने कपडे देऊन भांडं घ्यायची सवय आपल्याकडे अजून आहे, आणि राहिलेलं गोधडीत जातं. त्याआधी गठ्ठा उघडून बसा. केळ्यासाठी हे शोधा:

- मोठ्या माणसाचा पिवळा सुती कुर्ता किंवा मॅक्सी. हळदीच्या कार्यक्रमाला घेतलेले पिवळे कुर्ते बहुतेक घरांत एकदाच घालून पडलेले असतात.
- मोठ्या माणसाचा पांढरा किंवा साईच्या रंगाचा टी-शर्ट. खालची दुमड शाबूत असलेला.
- पिवळ्या कापडाचा आणखी एक तुकडा. उशीचा अभ्रा, ओढणी, चादर, काहीही.
- पांढरी जुनी चादर किंवा धोतर.
- एक विरलेला टॉवेल.
- तपकिरी कापडाचा हातभर तुकडा.
- जुन्या साडीचा उसवलेला फॉल. अडीच-तीन मीटर लांब, सरळ कापलेली, धुऊन धुऊन आटून गेलेली सुती पट्टी. गळ्याला, बगलेला लावायला यापेक्षा चांगली वस्तू नाही. फॉल कधी टाकू नका.

तीन गोष्टी तपासा. कापड उजेडासमोर धरा. जिथे जाळी दिसेल तो भाग वापरू नका. दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ताणा. सुताचा आवाज आला किंवा चीर गेली तर ते शिलाईवर टिकणार नाही. जुन्या रेशमी साड्या घडीवर चिरतात, म्हणून घडीची रेघ टाळून कापा. तिसरी तपासणी धाग्याची. कापडाचा एक धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून जाळा. सुती धाग्याची राख होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी तयार होतो. गोकुळाष्टमीला किंवा जिथे दिवे-निरांजनं असतील अशा ठिकाणी वितळणारं कापड मुलाच्या अंगावर नको, पेटलं तर ते कातडीला चिकटतं.

सगळं कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच मापाला घ्या. चुरगळलेल्या कापडावरचं माप खोटं असतं.

३. हत्यारं

टेप, खडू, टाचण्या, कापडाची वेगळी कात्री (कागदाला लावलेली चालत नाही), शिलाई उसवायचा रिपर, १४ आणि १६ नंबरची मशीनची सुई, पिवळा आणि पांढरा दोरा, अर्धा इंच रुंद मऊ इलॅस्टिक, तीन टिचबटणं, सेफ्टी पिना, आणि बेतायला जुनं वर्तमानपत्र.

मशीन नसेल तरी अडत नाही. दुहेरी दोऱ्याने हाताने बखिया घाला, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे येऊन. नुसता धावदोरा मात्र जोडणीला पुरत नाही, मूल हात वर करतं तेव्हा तो सरकतो. कडेची तुरपाई हातानेच छान होते. टिचबटणं, इलॅस्टिक, लेस जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्यात पाचकंदीलला मिळतात, पण आधी गल्लीतल्या टेलरकडे विचारा. त्यांच्याकडे कातरणीचं पोतं असतं आणि हवा तो रंग त्यातून बऱ्याचदा निघतो.

४. मापं: स्वेटरवरून घ्या

स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीत, बहुतेक संध्याकाळी असतात. धुळ्यात त्या दिवसांत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो. पोशाखाच्या आत स्वेटर मावला पाहिजे, म्हणून माप स्वेटर घालूनच घ्या. कार्यक्रम ऑगस्टमध्ये असेल तर उलट: आत फक्त सुती टी-शर्ट, आणि टॉवेलचा थर शक्य तितका कमी.

लिहून ठेवायची मापं अशी:

- छाती: या वयाला साधारण २४ इंच. पोशाखाचा एकूण घेर ३२ ते ३४ ठेवा.
- खांद्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंत उंची: साधारण ३० इंच. घोट्यापर्यंत नेऊ नका. मंचाच्या पायऱ्या चढताना लांब घेर पायात येतो.
- एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत: ११ ते १२ इंच.
- डोक्याचा घेर, कपाळावरून: साधारण २० ते २१ इंच.
- हनुवटीखालून डोक्यावरून परत हनुवटीपर्यंत: हुडासाठी.

डोक्याचा घेर लोक विसरतात. गळा सुंदर बेततात आणि पोशाख डोक्यातून जातच नाही. न ताणणाऱ्या कापडात गळ्याची वाट डोक्याच्या घेरापेक्षा मोठी हवी, नाहीतर गळ्याला चीर द्यावी लागते. आपण चीरच देणार आहोत.

५. केळ्याचं अंग: घेर ठेवायचा, गळा सोडायचा

मोठ्यांचा कुर्ता लहानाला बेतताना गळा ठेवायचा की घेर, हे आधी ठरवावं लागतं. दोन्ही राहत नाहीत. मोठ्यांचा गळा मुलाच्या खांद्यावरून घसरतो, तो कसाही बारीक केला तरी. म्हणून घेर ठेवा आणि वरचा भाग कापून टाका.

कुर्ता उलटा करा, उभा मधोमध दुमडा, खालची कड नीट जुळवा. खालच्या कडेपासून वर ३० इंच मोजा, त्यात अर्धा इंच दाब (शिलाईत जाणारं जादा कापड) मिळवा आणि तिथे आडवी रेघ मारा. हा नवा खांदा. कुर्ता ३८-४० इंच लांब असेल तर वरचे आठ-दहा इंच जातात, म्हणजे जुना गळा आणि जुन्या बाह्या दोन्ही निघून जातात. बाजूची शिलाई मात्र उसवू नका. छातीला कुर्ता सपाट १७-१८ इंच असेल तर केळ्याला तो जसाच्या तसा हवा आहे.

कापण्याआधी धारा घाला. केळं गोल नसतं, त्याला उभ्या धारा असतात, आणि त्यानेच लांबून ते केळं वाटतं. पुढच्या बाजूला दोन उभ्या रेघा आखा, त्यावर कापड चिमटीत धरून पाव इंचाचे टक घाला, वरपासून खालपर्यंत. मागेही तसेच दोन. प्रत्येक टक अर्धा इंच कापड खातो, म्हणून हे काम गळा आणि मुंढा (हात बाहेर यायची गोलाई) कापण्याच्या आधीच झालं पाहिजे.

आता कुर्ता पुन्हा मधोमध दुमडून दुमडीवर बेता. दुमडीपासून पावणेतीन इंच गळ्याची रुंदी, पुढचा गळा अडीच इंच खोल, मागचा एकच इंच. दुमडीपासून सहा इंचांवर खांद्याचं टोक, तिथे उतार एक इंच. मुंढा साडेसात इंच खोल. पुढचा आणि मागचा गळा एकदम कापू नका. आधी मागचा, एक इंचाचा आकार दोन्ही थरांत कापा, मग पुढचा थर वेगळा धरून त्याचा गळा उतरवा.

पुढच्या गळ्याच्या मधून खाली पाच इंच सरळ चीर द्या आणि तिच्या कडांना फॉलची पट्टी लावा. खांदे जोडा. मुंढ्यांना फॉलची पट्टी आतल्या बाजूला दुमडून टीप मारा. बाह्या लावायच्या नाहीत, आत मुलाचा पूर्ण बाह्यांचा पिवळा किंवा पांढरा टी-शर्ट येईल.

कुर्त्याचे बाजूचे कट आता मुलाच्या कमरेच्याही वर आलेले असतील. ते वरून खाली बंद करत या. तयार कड एकावर एक ठेवून जुन्याच टिपेवरून टीप मारली की झालं. शेवटचे सात-आठ इंच मात्र मोकळे सोडा. केळं खाली निमुळतं दिसावं म्हणून तो भागही शिवून टाकायचा मोह होतो. तसं केलं तर मुलाला पाऊल टाकता येत नाही, पायरी तर चढताच येत नाही.

शेवटी खालच्या कडेला तपकिरी कापडाची तीन इंची पट्टी. केळ्याचं खालचं टोक काळपट असतं.

६. हुड: टी-शर्टची दुमड तोंडाकडे

हुड म्हणजे केळ्याचा आतला गर. टी-शर्ट उलटा करून सपाट पसरा. वर्तमानपत्रावर हुडाचा अर्धा आकार काढा: उंची साडेबारा इंच, खोली साडेआठ इंच, मागची वरची बाजू गोलाकार. आता हा कागद टी-शर्टवर असा ठेवा, की हुडाची तोंडाकडची सरळ कड टी-शर्टच्या खालच्या दुमडीवर बरोबर येईल. दोन्ही थर एकदम कापा. समोरासमोरचे दोन तुकडे मिळतात आणि दोघांचीही तोंडाकडची कड आधीच शिवलेली असते.

मागची गोल बाजू जोडा. ताणणारं कापड आहे, म्हणून टीप मारताना ओढू नका, मशीन घेईल तसं जाऊ द्या. ओढलं तर शिलाई लाटांसारखी होते. शक्य असेल तर झिगझॅग टीप मारा.

तोंडाकडे आलेली टी-शर्टची दुमड म्हणजे तयार नेफा. तिच्यातून इलॅस्टिक ओवा, दोन्ही टोकं शिवून पक्की करा. इथे नाडी घालू नका. गळ्याशी लोंबणारी नाडी झोपाळ्यात, दारात, दुसऱ्या मुलाच्या हातात अडकू शकते. सहा वर्षांच्या मुलाच्या कोणत्याच पोशाखाला गळ्याशी बांधायचं काही नको. इलॅस्टिकही असं ठेवा की दोन बोटं सहज आत जातील.

७. साल: इथे बहुतेकांची बाजू उलटी होते

केळं सोलून बघा. साल खाली लोंबते तेव्हा आपल्याला तिची आतली, साईच्या रंगाची बाजू दिसते. पिवळी बाजू अंगाकडे वळलेली असते, फक्त कडेने आणि टोकाला डोकावते. पोशाखात मात्र लोक पिवळी बाजू बाहेर लावतात. मग पिवळ्या अंगावर पिवळी साल लोंबते, काहीच वेगळं दिसत नाही, आणि मूल पिवळ्या फुलासारखं दिसतं. पांढरी बाजू बाहेर ठेवा. तेवढ्याने मागच्या रांगेतल्या आजीलाही कळतं की हे केळं आहे.

चार पट्ट्या करायच्या आहेत. पण कापण्याआधी अंगाचा गळा टेपने मोजा. टेप कापलेल्या कडेवर नको, कडेपासून अर्धा इंच आत, शिलाईच्या रेघेवर धरा. तो १६ इंच भरला तर प्रत्येक पट्टी वर चार इंच रुंद. १५ भरला तर पावणेचार. गळा कापायच्या आधी पट्ट्या कापून ठेवल्या तर त्या हमखास कमी पडतात किंवा एकमेकींवर चढतात.

पट्टीचा आकार वर्तमानपत्रावर काढा: वर चार इंच, मध्ये साडेसहा इंचांपर्यंत फुगलेली, खाली टोकाला दीड इंच, लांबी तेरा इंच. चारही बाजूंनी अर्धा इंच दाब धरून पिवळ्याचे चार आणि पांढऱ्याचे चार तुकडे कापा. टॉवेलचे चार तुकडे दाब न धरता कापा, आणि वरच्या बाजूला आणखी अर्धा इंच कमी करा. टॉवेल गळ्याच्या शिलाईत आला तर मशीन अडते आणि सुई मोडते.

पिवळा आणि पांढरा तुकडा सरळ बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवा, पांढऱ्याच्या उलट्या बाजूला टॉवेल कच्च्या टाक्याने अडकवा, आणि वरची बाजू सोडून तीन बाजूंनी टीप मारा. गोलाव्यावर दाबाला कात्रीने छोटे काप द्या, टिपेच्या जरा अलीकडे थांबून. मग पट्टी उलटा, टोक पेन्सिलीच्या मागच्या बाजूने बाहेर काढा, इस्त्री करा. इस्त्री करताना पिवळं कापड कडेला जरासं पांढऱ्याकडे ओढून घ्या, म्हणजे बारीक पिवळी किनार दिसते. टॉवेलमुळे पट्टी लुळी पडत नाही, थोडी बाहेर वळून राहते. टॉवेलऐवजी पुठ्ठा घालू नका. मूल बसलं की तो मोडतो, आणि त्याची कड मानेला लागते.

देठ एकाच पट्टीच्या टोकाला लागतो, चारही पट्ट्यांना नाही. तपकिरी-हिरव्या कापडाची दोन इंची नळी शिवा, आत चिंध्या भरा आणि एका पट्टीच्या टोकाला हाताने पक्की करा. मुलं हा देठ पहिल्यांदा लक्षात घेतात.

८. जोडणी

क्रम चुकला तर सगळं उसवावं लागतं, म्हणून सावकाश करा.

अ) अंग सरळ बाजूने समोर ठेवा.
आ) चार पट्ट्या गळ्यावर ठेवा: पांढरी बाजू वर, टोकं खाली घेराकडे, म्हणजे त्या शेवटी जशा लोंबणार तशाच. दोन पुढे, चिरेच्या दोन्ही बाजूंना, आणि दोन मागे. कच्ची शिलाई घाला.
इ) त्यावर हुड उलटा ठेवा: हुडाची सरळ बाजू पट्ट्यांकडे, डोकं खाली, गळ्याची कड गळ्याशी जुळवून. हुडाच्या मागच्या शिलाईपासून टाचण्या लावायला सुरुवात करा आणि पुढे चिरेपर्यंत या. हुडाचं कापड ताणतं, त्यामुळे अर्धा-पाऊण इंच कमीजास्त असेल तर ते सामावतं.
ई) १६ नंबरची सुई लावा आणि सगळे थर मिळून अर्ध्या इंचावर टीप मारा. जाड ठिकाणी पायाने पळवू नका, हाताने चाक फिरवा. दुसरी टीप पहिलीच्या शेजारी.
उ) हुड वर करा. पट्ट्या खाली राहतील. दाब आतल्या बाजूने फॉलच्या पट्टीने झाका आणि तुरपाई करा. हा भाग मुलाच्या मानेला लागणार आहे, तो उघडा ठेवू नका.

चिरेला टिचबटणं लावा. वेल्क्रो सोपं वाटतं, पण ते हुडाच्या कापडाला आणि केसांना धरतं.

९. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी घालून बघा

फक्त उभं करून फोटो काढू नका. मुलाला खाली बसायला सांगा, दोन्ही हात वर करायला, पायरी चढायला, दोन ओळी मोठ्याने म्हणायला. हुडामुळे कान झाकले जात असतील तर बाईंनी पुकारलेलं नाव ऐकू येणार नाही. मग हुडाला कानापाशी छोटी फट द्या. मुलाला लघवीला जाता येतं का, हेही त्याच वेळी बघा. बाई मदतीला असतीलच असं नाही. आपलं केळं घेर वर उचलून सहज जाऊ शकतं, पण सबंध पायजम्यासारखा एकसंध पोशाख शिवत असाल तर मागे उघडणारा भाग द्यावाच लागतो.

मूल कुठे खाजवतं याकडे लक्ष द्या. त्या जागी आत हात घालून बघा, हमखास दोऱ्याची गाठ, जरीचं टोक किंवा विसरलेली टाचणी असते. टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा.

१०. हाच आराखडा, दुसरं सोंग

भरताचं वांगं: अंग फिकट हिरवं हवं. दुकानातल्या चित्रात वांगं जांभळं असतं, पण आपल्या भरताचं मोठं वांगं हिरवट असतं, आणि जळगावच्या भरीत वांग्यालाही २०१६ मध्येच मानांकन मिळालं आहे. जांभळं शिवलं तर खान्देशातले प्रेक्षक त्याला भरताचं वांगं म्हणणार नाहीत. हुड गडद हिरवा, आणि पट्ट्या आखूड करून गळ्याऐवजी हुडावर लावा, की देठाची टोपी झाली.

कापसाचं बोंड: अंग तपकिरी, पट्ट्याही तपकिरी. जुन्या पांढऱ्या बनियनचे गोळे करून पट्ट्यांच्या वरून, गळ्याभोवती हाताने अडकवा. खरा कापूस लावू नका, तो नाकातोंडात जातो.

कच्चं केळं: पिवळं कापड नसेल आणि हिरवं असेल तर खुशाल हिरवं करा. बागेतून घड हिरवाच कापतात आणि ट्रकमध्येही हिरवाच भरतात, पिकवणं नंतर होतं. फक्त मग साल सोललेली दाखवू नका. हुडही हिरवा घ्या आणि पट्ट्या गाळा.

वारकरी: आषाढीच्या दिंडीला यापेक्षा फार कमी शिवावं लागतं. बाबांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या आणि उंची आत दुमडून कच्चा टाका घाला, कापू नका. दिंडी झाली की टाका उसवून सदरा परत कपाटात. मुक्ताईची पालखी आपल्याकडूनच पंढरपूरला जाते, त्यामुळे बारकावे जवळून बघितलेले असतात, आणि मुलंच ते सांगतात.

कृष्ण: जुन्या सलवारीचा नेफा आणि चुण्या तशाच ठेवून पाय आखूड करा, खाली जरीचा काठ लावा. पीतांबर तयार. काठाच्या आतल्या बाजूला मऊ सुती पट्टी लावायला विसरू नका, जरीने मांड्या सोलवटतात.

शिरीषकुमार: ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये तिरंगा हाती घेऊन निघालेला हा शाळकरी मुलगा पंधरा ऑगस्टला अनेक मुलांना व्हायचं असतं. पोशाख साधा, पांढरा सदरा आणि टोपी. काळजी तिरंग्याची घ्यायची. राष्ट्रध्वज कमरेखाली घालायच्या कपड्यात वापरायला १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्याने मनाई आहे. ध्वजाचा परकर किंवा धोतर शिवू नका, ध्वज हातातच राहू द्या.

आणि एक मनापासूनची विनंती. "आदिवासी" म्हणून पानांचा घागरा करायचा आणि चेहरा काळा रंगवायचा, हे अजूनही बघायला मिळतं. कृपा करून असं करू नका. नंदुरबारकडच्या वर्गात भिल्ल, पावरा घरांतली मुलं शेजारच्या बाकावर बसलेली असतात, आणि त्यांच्या घरी कुणी पानं नेसत नाही. सातपुड्यातल्या होळीत मोरपिसांच्या टोप्या घालून नाचणारे बावा-बुध्या ते नवस म्हणून, व्रत म्हणून पाळतात. तो पोशाख करायचाच असेल तर त्या समाजातल्या ओळखीच्या घरी आधी विचारा, कशाला काय म्हणतात आणि काय कुणी घालायचं ते समजून घ्या, आणि नको म्हणाले तर दुसरं काही निवडा.

११. कार्यक्रमाच्या दिवशी

पिशवीत सुई ओवून ठेवलेली, पिवळा-पांढरा दोरा, चार सेफ्टी पिना, छोटी कात्री, ओला रुमाल, पाण्याची बाटली आणि मुलाचे साधे कपडे. पोशाख घरून घालून नेऊ नका. स्कूटरवर पट्ट्या चाकाकडे उडतात. शाळेत पोचल्यावर, मुलाचा नंबर यायच्या थोडं आधी घाला. मुलाचं नाव आणि वर्ग खडूने नको, फॉलच्या पट्टीवर पेनने लिहून आत टाका. मंचामागे सगळे पोशाख एका ढिगात जातात.

१२. नंतर

थंड पाण्यात हाताने धुवा, पिवळ्याचा रंग पांढऱ्यावर उतरू नये म्हणून पाण्यात भिजत ठेवू नका. सावलीत वाळवा. टॉवेलचे थर जाड असल्यामुळे पट्ट्यांना दोन दिवस लागतात, ओलसर असताना घडी घातली तर बुरशी येते.

घडी घालताना कागदी आकार, म्हणजे हुडाचा आणि पट्टीचा, त्याच पिशवीत ठेवा आणि कागदावर मुलाचं वय व उंची लिहा. धाकट्या भावंडाला किंवा शेजाऱ्यांना पोशाख देताना कागदही द्या. केळं पुन्हा कुणाला नको असेल तर गळ्याची टीप उसवा: अंगाचा उन्हाळ्यात घरात घालायला बिनबाह्यांचा झगा होतो, पट्ट्या गरम भांडं धरायला चुलीपाशी जातात, हुड थंडीत सकाळी शाळेच्या रिक्षात उपयोगी पडतो, आणि इलॅस्टिक, टिचबटणं, फॉल पुढच्या वर्षीसाठी डब्यात.